मेत्ताड, चिगरी आणि एरेभूत : धारवाडच्या माळरानाचा एक इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी आम्हांला आठवीत आणि नववीत शास्त्र शिकवले. उंदराचे विच्छेदन करण्यापूर्वी "हा कोणता उंदीर?" असे ते विचारीत, आणि आम्ही "उंदीर म्हणजे उंदीर" असे उत्तर दिले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. ते तेव्हा जे विचारीत होते त्याचे उत्तर द्यायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचा विस्तार होय.

काल हुबळीहून धारवाडला येताना मी 'चिगरी'त बसलो होतो. हुबळी-धारवाडच्या दरम्यान स्वतंत्र मार्गावरून २०१८ पासून धावू लागलेल्या या बसगाड्यांना हे नाव ज्याने दिले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. चिगरी म्हणजे आपल्या मराठीतले काळवीट. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलाला मी नावाचा अर्थ विचारला. "वेगाने धावणारी," तो म्हणाला. अर्थ चुकीचा नव्हता. पण चिगरी पाहिली आहेस का, या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, "त्याला दांडेलीला जावे लागेल ना?"

या एका वाक्यात माझा आजचा सगळा विषय आला आहे. वन्यप्राणी म्हटले की आपण पश्चिमेकडे पाहतो. धारवाड हे मोठे विलक्षण ठिकाणी वसलेले गाव आहे. मलनाड जिथे संपतो आणि काळ्या मातीचे मैदान जिथे सुरू होते, त्या उंबरठ्यावर ते आहे. पश्चिमेस कलघटगीकडून हल्याळ-दांडेलीची अरण्ये, तर पूर्वेस नवलगुंद, अण्णिगेरी, गदगपर्यंत क्षितिजाला टेकलेली काळी रानं. पश्चिमेकडच्या अरण्याला १९५६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २००७ साली ते व्याघ्रप्रकल्पात आले, आणि आज त्याला काली नदीचे नाव आहे. हे सर्व उत्तम झाले. परंतु चिगरी ही झाडीतली नव्हे. ती उघड्यावरची, गवतातली, दूरवर पाहणारी आणि पाहून पळणारी जात. तिचा, आणि तिच्यासारख्या इतरांचा इतिहास पूर्वेकडे आहे, आणि तो आपण जवळजवळ वाचलेलाच नाही.

तो लिहिण्याची सुरुवात ज्याने केली तो माणूस तुम्हांला एका वेगळ्याच संदर्भात ठाऊक असेल. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि त्याचे दोन तरुण सहायक राणी चन्नम्माच्या कैदेत पडले. त्यांतला एक वॉल्टर एलियट. वय अवघे एकवीस. काही आठवड्यांनी सुटका झाल्यावर भल्याभल्यांनी बदली मागितली असती. एलियट मात्र ज्या भागाला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, त्या आपल्या मुलखातच १८३३ पर्यंत राहिला. या काळात त्याने कानडी शिलालेखांच्या शेकडो नकला उतरवून घेतल्या. धारवाड-हुबळीकडे सरकारी शाळा प्रथम निघाल्या त्या मराठी माध्यमाच्या, आणि मुलांच्या घरची भाषा कानडी आहे हे ओळखून स्वतःच्या पैशाने कानडी शाळा काढणारा साहेब म्हणून कानडी लोक त्याचे नाव आजही आदराने घेतात. मराठी शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला संकोच वाटत नाही. लोकांना त्यांच्या शब्दांत विचारले पाहिजे, ही त्याची वृत्ती शाळेपुरती नव्हती, आणि आपल्याला काम आहे ते त्या वृत्तीशी.

१८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्-पत्रिकेत एलियटने दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. त्याआधी कर्नल साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या प्राण्यांची यादी केली होती, आणि आपल्याकडच्या लांडग्याला 'पॅलिपीस' हे शास्त्रीय नाव त्यानेच दिले. पण साइक्सची यादी आणि एलियटची यादी शेजारी ठेवून वाचली की फरक ध्यानात येतो. एलियटच्या यादीत वाघ आहे, गवा आहे, अस्वल आहे. साहेबलोकांच्या यादीत ते असायचेच. नवल आहे ते त्याच्या उंदरांचे. इतक्या प्रकारचे उंदीर, प्रत्येकाचे बीळ कसे, त्यात धान्य किती, पिल्ले किती, आणि प्रत्येकाचे कानडी नाव काय व वडारांच्या बोलीतले नाव काय, हे त्याने टिपून ठेवले आहे.

वडारांच्या बोलीतले का? कारण जमीन खोदणारी माणसे ती. तळी खणायची, बांध घालायचे, दगड फोडायचे, हे त्यांचे काम, आणि काळ्या रानाच्या पोटात काय आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? 'कोक' नावाचा मोठा उंदीर आपल्या बिळात सुगीच्या दिवसांत धान्याची कोठारे भरतो. वडार ती बिळे उकरून उंदीर खाण्यासाठी पकडीत आणि साठवलेले धान्यही काढून नेत, असे एलियट लिहितो. या सूचीत एकाही वडाराचे वैयक्तिक नाव नाही, ही त्या काळाची रीत. पण ज्यांनी त्याला बिळापाशी उकिडवे बसवून हे दाखवले त्यांना मी धारवाडचे पहिले प्राणिशास्त्रज्ञ मानतो, आणि माझे सहकारी यावर हसले तरी मत बदलत नाही.

या उंदरांपैकी एक 'मेत्ताड'. 'मेत्त' म्हणजे मऊ, आणि या उंदराचे केस खरोखरच रेशमासारखे मऊ असतात. एलियटने पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ साली त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यात वडारांचा शब्दच ठेवला. फक्त 'मेत्ताड'चे 'मेल्टाडा' झाले. ग्रेच्या डोळ्यांनी की छापखान्याच्या खिळ्यांनी, पण बहुधा दोन 'त'कारांपैकी एकाचा 'ल' झाला आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे ती चूक कायमची गोठली. पुढे १९११ साली या उंदराची स्वतंत्र प्रजाती करण्यात आली तेव्हा तिला मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांचे नाव मिळाले. म्हणून आज जगातल्या कोणत्याही ग्रंथात हा उंदीर 'मिलार्डिया मेल्टाडा' या नावाने सापडेल, आणि त्याचे मूळ स्थान म्हणून धारवाडचे नाव सापडेल. पेढ्याखेरीज आणखी एका गोष्टीसाठी धारवाड जगाच्या पुस्तकात आहे, हे आपल्या गावात किती जणांना ठाऊक असेल?

मेत्ताड राहतो शेतात. स्वतःचे बीळ तो धड करीत नाही. झुडपाच्या बुंध्याशी एखादे ओबडधोबड भोक, शेतातल्या दगडांचा ढीग, कोकने सोडून दिलेले घर, यांतले काही मिळाले की भागते. आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला ज्या खोल भेगा पडतात त्या तर त्याला आयत्याच मिळतात. नवलगुंदकडची माणसे सभेत असतील तर त्यांना या भेगा सांगायला नकोत. पाय मुरगळतो, काठी आत गेली तर पुन्हा दिसत नाही. या भेगांत उन्हाळाभर उंदीर राहतात आणि पहिल्या पावसाने माती फुगून भेगा मिटल्या की त्यांतले असंख्य आतच गाडले जातात. मृगाच्या पावसाचा हा हिशेब एलियटने बरोबर मांडला आहे.

तो हिशेब चुकला की काय होते, हेही त्याने पाहिले. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढ देऊन गेला. मेत्ताड बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी जमिनीतून उकरून खाल्ले. जोंधळा निसवला तेव्हा ताटावर चढून कणसे कापून पाडली. शेतेच्या शेते उजाड झाली आणि सारा भरण्याची रयतेची ऐपत राहिली नाही. अमुक डझन उंदरांना अमुक माप धान्य, या बोलीवर रयतेने वडारांना लावले, त्यांनी हजारोंनी उंदीर मारले, आणि तरीही संख्या कमी झाल्याचे दिसेना. महसूल खात्यातला अधिकारी हे लिहितो, यात आश्चर्य नाही, कारण साऱ्याचे नुकसान त्याला कळत होतेच. परंतु पाऊस, भेग, उंदीर, जोंधळा आणि वडार ही एकाच साखळीची कडी आहेत हे त्याने ओळखले. परिस्थितिविज्ञान हा शब्द तेव्हा जन्मायचा होता.

लांडग्यांविषयी त्याने जे लिहिले तेही असेच, निम्मे स्वतः पाहिलेले आणि निम्मे धनगरांकडून ऐकलेले. तीन लांडगे चिंकाऱ्यांचा कळप एका घळीकडे हाकीत नेतात, घळीत आणखी दोन दबा धरून बसलेले असतात, आणि एक मादी त्यांच्या तोंडी सापडते, अशी एक हकीकत तो देतो. जिथे आडोसाच नाही अशा सपाट रानात एक लांडगा जमिनीत खड्डा उकरून त्यात पडून राहतो आणि बाकीचे कळपाला त्याच्या अंगावरून हाकतात, अशी रयतेची समजूत त्याने 'समजूत' म्हणूनच नोंदवली आहे. मेंढवाड्यावर येताना काही लांडगे कुत्र्यांना झुंजवत ठेवतात आणि बाकीचे मेंढरू उचलतात, हे धनगरांचे म्हणणेही त्यात आहे. एलियटच्या स्कॉटलंडमधील वडिलार्जित गावाचे नाव वुल्फली, म्हणजे लांडग्याचे कुरण. त्या गावात लांडगा उरला होता तो नावापुरता. आयुष्याच्या शेवटी, दृष्टी गेलेली असताना, १८८७ साली तो तिथेच वारला. नाव राहावे आणि प्राणी नाहीसा व्हावा, हा अनुभव त्याच्या घरचाच होता असे म्हणायला हरकत नाही.

एलियटनंतरची शंभर वर्षे मी भरभर उलटतो, कारण ती बंदुकीची वर्षे आहेत आणि बंदुकीच्या कथा एकसारख्याच असतात. एवढे सांगितले म्हणजे पुरे, की नगर जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज भारतात हा पक्षी एकंदर दीडशेच्या आत उरला आहे. एका माणसाने सहज छंद म्हणून आजच्या सहापटीहून अधिक मारले, यावरून तेव्हाची माळराने कशी असतील याची कल्पना करावी. आपले संस्थानिकही मागे नव्हते. कोल्हापूर दरबारचे चित्ते आणि चित्तेवान प्रसिद्ध आहेत. छत्रपती शाहू महाराजांना चित्त्याकडून काळविटाची शिकार करवण्याचा मोठा शौक होता, आणि देशी चित्ता दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले. पण राजेलोकांना शिकारीसाठी काळवीट हवे असे, म्हणून कुरणे राखली जात, गवत राखले जात असे. संस्थाने गेली, कुरणांचा धनी गेला, आणि जीपगाडी व प्रकाशझोत घेऊन येणारा नवा शिकारी मात्र आला. देशी चित्ता १९५२ साली नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये कुनोच्या रानात चित्ते सोडले तेही आफ्रिकेतूनच आणून.

आता मला स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल.

१९६४ च्या पावसाळ्यात आमचे स्काउटचे पथक शिबिरासाठी राणेबेन्नूरकडे गेले होते. वनमहोत्सवाचे दिवस. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केलेला हा उत्सव तेव्हा भरात होता, आणि उघडी जमीन दिसली की तिथे झाड लावणे हे देशकार्य होते. मी आठ रोपे लावली. नीलगिरीची. पाने चुरगळली की हाताला येणारा तो वास मला फार आवडला होता. ज्या माळावर आम्ही ती लावली त्यावर गुडघाभर गवत होते, मधूनमधून खुरटी बाभूळ होती, आणि आमच्यासोबतच्या गृहस्थांनी "ही पडीक जमीन आता हिरवी होईल" असे सांगितल्याचे स्वच्छ आठवते. गवत हिरवेच होते, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही. त्यांचा हेतू निर्मळ होता, आणि माझाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या इतिहासात दुष्ट माणूस शोधायला गेले की बंदूकवाल्यापाशी थांबावे लागते, आणि माळढोकाची गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट आणि माळढोक या दोघांनाही त्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९७४ साली, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, राणेबेन्नूरचे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ११९ चौरस किलोमीटर. काळविटासाठी राखलेले रान, आणि त्यात माळढोकही. देशात व्याघ्रप्रकल्प सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते, जो तो वाघाविषयी बोलत होता, अशा वेळी आपल्या जिल्ह्याने माळरानाच्या प्राण्यांसाठी अभयारण्य काढले, याचा मला आजही अभिमान वाटतो. परंतु अभयारण्य जाहीर झाले तोवर त्या माळाच्या पुष्कळ भागावर नीलगिरी उभी राहिली होती. माझी आठ झाडेही त्यातच.

प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावर मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे वरचेवर जाऊ लागलो. काळवीट पाहायला मिळे. नर काळाकुळकुळीत, पोट पांढरे, शिंगांना मळसूत्राचे पीळ. पण तो आमच्या पुस्तकातल्यासारखा वागत नसे. दुपारभर नीलगिरीच्या सावलीत कळप बसून असायचा आणि अंधार पडला की बाजूच्या शेतांत उतरायचा. चिगरीने तडजोड केली होती. शेतकऱ्यांना मात्र ही तडजोड परवडणारी नव्हती, आणि आजही नाही. पिकाची राखण करीत रात्र काढणाऱ्या माणसापुढे संरक्षणाचे व्याख्यान द्यायला मी कधी धजलो नाही.

माळढोक मी तिथे एकदाच पाहिला. झाडीच्या कडेला उरलेल्या मोकळ्या पट्ट्यात, सकाळी, दूरवर एक उंच मान. माझ्याआधी तो आमच्याबरोबर चाललेल्या कुरुबर मेंढपाळाला दिसला. "एरेभूत," तो हळूच म्हणाला. एरे म्हणजे काळी माती. काळ्या मातीतले भूत! मला वाटते, कोणत्याही भाषेत या पक्ष्याला याहून नेमके नाव नसेल. पंधरा किलोपर्यंत वजनाचा, माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी, आणि गवतात मान खाली घातली की पाहता पाहता नाहीसा. आम्ही पाचएक मिनिटे उभे होतो. मग तो चालू लागला, आमच्याकडे पाठ करून, अगदी सावकाश, आणि पट्टा संपून जिथे झाडे सुरू होत होती तिथे थांबला. पुढे गेला नाही. वळून पुन्हा उघड्यावर आला.

त्या थांबण्याचा अर्थ मी वर्गात पुढे अनेकदा सांगितला. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. घरटे नाही, आडोसा नाही. तिचे सारे संरक्षण दूरवर दिसण्यात आहे. कुत्रा असो, कोल्हा असो, माणूस असो, तो तिला फर्लांगभर आधी दिसला पाहिजे. माळावर झाड उभे केले की एक तर तिची नजर अडते, आणि दुसरे म्हणजे अंड्यावर टपलेल्या कावळ्याला बसायला फांदी मिळते. सावली हा आपला उपकार तिच्यावर उलटतो. राणेबेन्नूरला बंदुकीपासून संरक्षण होते, कायदा होता, रखवालदार होते. एरेभूताला हवे असलेले उघडे रान तेवढे नव्हते. आज तिथे काळवीट हजारांनी आहेत. माळढोक गेली कित्येक वर्षे दिसलेला नाही.

नीलगिरीला जाहीर विरोध आपल्या जिल्ह्यातही झाला, पण तो पक्ष्यासाठी नव्हता. हरिहरच्या कारखान्याला लागणारा लगदा पुरवण्यासाठी सरकार आणि कारखाना यांनी १९८४ साली एक संयुक्त कंपनी काढली, आणि गावोगावची गायराने तिच्याकडे नीलगिरीसाठी जाऊ लागली. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने हा प्रश्न हाती घेतला. शिवराम कारंतांसारखा वयोवृद्ध साहित्यिक सर्वोच्च न्यायालयात अर्जदार म्हणून उभा राहिला. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर गावी 'कित्तिको-हच्चिको' सत्याग्रह झाला. 'उपटा आणि लावा', असा त्याचा अर्थ. लोकांनी नीलगिरीची सुमारे शंभर रोपे उपटली आणि त्या जागी चारा-फळे देणारी आपली झाडे लावली. पुढे ती कंपनी गुंडाळली गेली. त्या लढ्यात गायरान, सरपण, वैरण, गावाचा हक्क हे शब्द होते. लांडगा, चिगरी, माळढोक हे नव्हते, आणि ज्याची गाय उपाशी आहे त्याच्या तोंडी ते येणारही कसे? तथापि आज मागे वळून पाहता मला दिसते की 'पडीक' या शब्दाविरुद्ध आपल्याकडे पहिला आवाज उठवला तो या गुराखी-शेतकऱ्यांनी. प्राणिशास्त्रवाले आम्ही तेव्हा वर्गात होतो.

शेजारच्या महाराष्ट्रात काय झाले, हेही पाहू, कारण सोलापूर आपल्याला परके नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक आहेत हे बी. एस. कुलकर्णी यांनी जगापुढे आणले आणि त्यांसाठी जन्मभर खटपट केली. १९७९ साली अभयारण्य झाले. राणेबेन्नूरला ११९ चौरस किलोमीटर, तर इथे ८,४९६! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावे, शहरे, बाजारपेठा, सगळे कागदावर अभयारण्यात आले. जमिनीची खरेदी-विक्री, बांधकाम, रस्ता, सगळे अडले, आणि लोकांनी साहजिकच राग धरला तो पक्ष्यावर. २०१२ साली क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर मनांतली कटुता मुरली होती. नान्नजला आता माळढोक दिसलाच तर एखाददुसरा. एकीकडे झाडांनी घात केला, दुसरीकडे नकाशाने. सालिम अलींच्या मनात राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकच होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकले तर अनर्थ होईल, या भीतीने तो मागे पडला असे गमतीने सांगतात. मोराला घराच्या अंगणातही चालते. माळढोकाला मान मिळाला असता तर निदान माळाकडे कोणी पाहिले असते.

आणि मेत्ताडाचे काय झाले? १९७२ च्या कायद्यात पाचवे परिशिष्ट होते, उपद्रवी प्राण्यांचे. त्यात कावळ्याच्या आणि वटवाघळाच्या पंक्तीला उंदीर होते, सरसकट. उंदीर म्हणजे उंदीर! आमच्या वर्गातलेच उत्तर संसदेनेही दिले होते. सरांच्या आठ्या मला तेव्हा आठवल्या. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. उंदराला संरक्षण मिळाले असे याने होत नाही, आणि १८२६ सालच्या रयतेने ते मागितलेही नसते. परंतु या उंदरांवर घुबडे, पाणघारी, भोवत्या, कोल्हे, साप जगतात. काळ्या रानातले उंदीर-घुशींचे दुष्टचक्र जे काही ताब्यात राहते ते यांच्यामुळे, हे शेतकरी जाणतो.

अलीकडच्या वर्षांत मात्र वारे थोडे फिरले आहे. बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीला २०१६ साली चिंकाऱ्यांसाठी अभयारण्य झाले. गदगजवळच्या कप्पतगुड्डाचा इतिहास सांगायला दुसरे व्याख्यान लागेल. त्या डोंगरात सोने आहे म्हणून खाणीचा घाट घातला गेला, राखीव म्हणून केलेली घोषणा मागे घेतली गेली, गदगच्या तोंटदार्य मठाचे स्वामीजी रस्त्यावर उतरले, घोषणा पुन्हा करावी लागली, आणि २०१९ साली सुमारे २४४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तिथे लांडगे आहेत, तरस आहेत. स्वामीजी मात्र २०१८ सालीच गेले. कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ बंकापूर येथे तर खास लांडग्यांसाठी राखीव रान झाले आहे. (आपल्या हावेरी जिल्ह्यातले बंकापूर वेगळे. तिथे किल्ल्यात मोर राखतात.) ज्या लांडग्याला मारण्याबद्दल पूर्वी बक्षीस मिळे त्याच्यासाठी रान राखले जाते, हे पाहायला एलियट हवा होता. कर्नाटकातले शेवटचे माळढोक बल्लारी जिल्ह्यात सिरुगुप्पाच्या काळ्या रानात आहेत, बोटांवर मोजता येतील एवढे, तेही सगळे वर्षभर दिसत नाहीत. त्यांना आता नवा धोका विजेच्या तारांचा. या पक्ष्याचे डोळे बाजूंना. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड शरीर ऐन वेळी वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. २०२४ साली तो सौम्य करून तज्ज्ञांकडे सोपवला. उघडे माळ आता सौर प्रकल्पांना हवे आहेत, आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद अजून 'पडीक' अशीच आहे.

या व्याख्यानाची टिपणे काढताना गेल्या महिन्यात मी राणेबेन्नूरला जाऊन आलो. शिबिराची जागा ओळखू येईल असे वाटले नव्हते, पण ओढा तसाच आहे. नीलगिरी तोडली तरी खोडातून पुन्हा फुटते. त्यामुळे माझी आठ झाडे या साठ वर्षांत किती वेळा तुटली आणि किती वेळा उभी राहिली, हे सांगता येणार नाही. त्यांतली दोन-तीन खोडे तरी तीच असावीत, असे मी स्वतःला पटवले. एका बाजूला झाडे मुळासकट काढून टाकलेली थोडी जागा होती. तिथे गवत आले होते, घोट्याच्या वर. त्यात एका ठिकाणी चिगरीच्या लेंड्यांचा मोठा ढीग होता, काही जुन्या, वाळून पांढऱ्या पडलेल्या, आणि वर ताज्या काळ्या. नर आपली हद्द अशी आखतो, रोज त्याच जागी येऊन. झाडीत त्याला ही जागा मिळत नव्हती. बरोबरच्या नातवाने विचारले, "आजोबा, इथे काय पाहताय?" मी त्याला उकिडवे बसवले आणि दाखवले.